एक मोबाईल, चार वह्या



१९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावातल्या शिकलेल्यांनी न शिकलेल्यांना अक्षरे शिकवायची, ही तिची रीत. आता घरोघर मोबाईल आला आहे. तीच रीत त्याला लावून बघा.

वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचे काम उभे केले. त्याचे जाडजूड खंड सगळ्याच शाळांना कुठून परवडणार? आज तो मोबाईलवर फुकट वाचता येतो. बालभारतीची पुस्तकेही फुकट उतरवून घेता येतात. मग रेंज नसली तरी अडत नाही.

मात्र फुकट निराळे, मुक्त निराळे. फुकट म्हणजे वाचायला पैसे पडत नाहीत. मुक्त म्हणजे नक्कल करून वाटायची, आपल्या सोयीने बदलायचीही मुभा. मराठी विकिपीडिया असा मुक्त आहे. लेख कुठून घेतला ते लिहा, बदल केलात तर तोही सर्वांना मोकळा ठेवा, आणि खुशाल वर्गात वाटा.

पण घरात एकच मोबाईल, तोही वडिलांबरोबर रानात गेलेला. त्या घरच्या मुलीने काय करावे? म्हणून चार मुलांना एकत्र बसवा. एकाने वाचावे, बाकीच्यांनी वहीत उतरावे.

आणि तो मिटायचा कधी, हेही गावाने ठरवावे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव येथे ऑगस्ट २०२२ मध्ये तसे ठरले. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास मोबाईल आणि टीव्ही बंद, मुले अभ्यासाला. दिवसा उतरवलेला पाठ अशा वेळी वहीतून वाचता येतो.

तेव्हा गुरुजी, या आठवड्यात एकच पाठ निवडा आणि सुरुवात करा.