बेल्जियन एल, मोहफुले आणि कोंडाणे : अभिरुची व कायदा यांच्या संबंधाचा एक विचार

प्रस्तावना

गेल्या दीड-दोन दशकांत मुंबई व पुणे येथील सुशिक्षित वर्गाच्या मद्यविषयक अभिरुचीत लक्षणीय बदल झालेला दिसतो. आयात केलेल्या बेल्जियन बिअरला, विशेषतः 'एल' या प्रकाराला, मिळणारी वाढती पसंती हे त्याचे एक ठळक उदाहरण होय. कर्जत-खालापूर परिसरातील शेतघरांमध्ये सुट्टी घालविण्यास येणारा वर्ग तो हाच. ज्या खोऱ्यात हे पाहुणे उतरतात, त्याच खोऱ्यात कोंडाण्याची लेणी आहेत व मोहाची झाडेही आहेत. या पसंतीची कारणे केवळ चवीत शोधता येतील काय, असा प्रश्न येथे उपस्थित करावयाचा आहे.

एल म्हणजे काय

बिअर मुख्यतः जवापासून होते. मोड आणून वाळविलेले जव गरम पाण्यात भिजवून त्यातील साखर काढून घेतली जाते. हा रस हॉप या वेलीच्या फुलांबरोबर उकळून गार करतात व त्यात यीस्ट मिसळतात. 'लागर' प्रकारात किण्वन थंड तापमानात, साधारण ८ ते १२ अंश सेल्सिअसला, सावकाश होते. आपल्याकडील बहुतेक बाटलीबंद बिअर या जातीची असते. एलचे किण्वन त्याहून उष्ण तापमानात होते व यीस्ट वरच्या थरात गोळा होते. या उष्णतेमुळे यीस्टकडून फळांसारखे, लवंगेसारखे वास निर्माण होतात. बेल्जियन कारागिरांनी यीस्टच्या या गुणाचाच कौशल्याने उपयोग करून घेतला.

होगार्डन या गावाची पांढरी बिअर हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. तीत कच्चा गहू, संत्रावर्गीय फळाची साल आणि धने असतात. गावातील अशा बिअरचा शेवटचा कारखाना १९५० च्या दशकात बंद पडला होता. पिएर सेलिस या दूधविक्रेत्याने १९६० च्या दशकाच्या मध्यास ती पुन्हा तयार केली. मसाल्याचा डबा रोज उघडणाऱ्या आपल्या वाचकास धन्याचा हा उपयोग नवलाचा वाटला, तरी चव परकी वाटू नये. भारतात बेल्जियन प्रकारांपैकी गव्हाची बिअरच प्रथम का रुजली, याचे एक उत्तर येथे सापडते असे वाटते.

दुसरा प्रकार ब्रसेल्सजवळील सेन नदीच्या खोऱ्यातील 'लॅम्बिक'. यात यीस्ट मिसळतच नाहीत. उकळलेला रस रात्रभर उघड्या, उथळ पात्रात ठेवतात. हवेतील व लाकडी पिंपांतील जंगली जीवाणू-यीस्ट आपले काम करतात. कोकणातील माडी-ताडीचे किण्वन तत्त्वतः याच रीतीचे आहे. भिजविलेल्या मोहफुलांचेही तसेच.

तिसरा प्रकार ट्रॅपिस्ट मठांचा. संत बेनेडिक्टच्या नियमानुसार साधूंनी स्वतःच्या श्रमावर जगावे, या दंडकातून मठांतील हे उद्योग उभे राहिले. शिमे येथील मठात १८६२ पासून बिअर होते. १९९७ मध्ये मठांनी स्थापिलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे चिन्ह वापरावयाचे तर उत्पादन मठाच्या परिसरातच, साधूंच्या देखरेखीखाली झाले पाहिजे व नफा मठाचा निर्वाह आणि समाजकार्य यांसाठीच गेला पाहिजे. आखेल येथे साधू उरले नाहीत, तेव्हा २०२१ मध्ये तेथील बिअरला हे चिन्ह सोडावे लागले.

कायद्याने घडविलेली चव

बेल्जियन एलमधील मद्यार्काचे प्रमाण पुष्कळदा ८ ते १० टक्के असते. यामागे कायद्याचाही हात आहे. १९१९ च्या व्हँडरवेल्ड कायद्याने सार्वजनिक पानगृहांत ऊर्ध्वपातित मद्य विकण्यास बंदी केली. श्रमिकांचे जेनेव्हरचे व्यसन सुटावे हा हेतू होता. ग्राहकांना कडक पेय हवेच होते. ती मागणी बिअरने भागविली. हा कायदा १९८० च्या दशकापर्यंत टिकला. ज्यास आज 'परंपरा' म्हणून दाम मोजला जातो, तिचा काही भाग दारूबंदीचेच अपत्य आहे! पुढे २०१६ मध्ये युनेस्कोने बेल्जियममधील बिअर संस्कृतीचा अमूर्त सांस्कृतिक वारशात समावेश केला.

महाराष्ट्रातील आगमन

पुण्यात २००९ मध्ये 'डूलाली' ही सूक्ष्म-मद्यनिर्मितीशाळा सुरू झाली आणि ताज्या, निरनिराळ्या बिअरची ओळख येथील ग्राहकास झाली. २०१५ मध्ये बाजारात आलेली 'बिरा ९१' ही भारतीय नाममुद्रेची बिअर आरंभी चक्क बेल्जियममध्ये तयार करवून आणली जात असे. नंतर तिचे उत्पादन येथे सुरू झाले. आयात बाटलीवर दीर्घकाळ शंभर टक्क्यांहून अधिक सीमाशुल्क राहिले, त्यावर राज्याचा कर निराळा. तरीही ग्राहक मिळाला. केवळ नशा हवी असती तर स्वस्त देशी 'स्ट्राँग' बिअर उपलब्ध होतीच. हा ग्राहक चवीबरोबर गावाचे नाव, मठाचा इतिहास, विशिष्ट आकाराचा पेला आणि आपण जाणकार असल्याची भावना विकत घेतो. यात दांभिकता मुळीच नाही असे नव्हे. परंतु एखाद्या पेयामागील भूगोल जाणून घेण्याची इच्छा ही मुळात निंद्य नाही.

कोंडाण्याच्या बाजूने पाहता

राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात इ. स. पू. पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेले कोंडाण्याचे चैत्य व विहार हेही एक मठस्थानच होते. कण्हाचा शिष्य बलक याचे नाव तेथील लेखात आढळते. येथील भिक्षूंना मात्र सुरा व मेरय दोन्ही वर्ज्य होती. विनयपिटकात मेरयाच्या प्रकारांत फुलांपासून केलेल्या आसवाचा स्पष्ट उल्लेख आहे. फुलांपासून मद्य करण्याची रीत भारतात किती जुनी आहे, हे या निषेधावरूनच कळते.

चैत्राच्या सुमारास पहाटे गळणारी मोहफुले वेचून वाळविणे हे ठाकर व कातकरी कुटुंबांचे परंपरागत काम. सुकलेल्या फुलात निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो, म्हणून ते अन्नही होते व मद्याचे साधनही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरगुती गाळप बंद करून उरणसारख्या ठिकाणच्या भट्ट्यांकडे मद्यनिर्मिती केंद्रित केली. महसुलास गळती लागू नये म्हणून १८९२ चा मोहफुलांविषयीचा कायदा झाला व तो ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांसाठीच होता. कर्जत तालुका १८९१ मध्ये ठाण्यातून कुलाब्यात गेला होता. म्हणजे कोणत्याही जिल्ह्यात असता तरी यातून सुटका नव्हती. दारूच नव्हे, तर अंगणात पडलेले फूल बाळगणेही गुन्ह्याच्या कक्षेत आले. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने निराळ्या, नैतिक हेतूने का होईना, नियंत्रण चालूच ठेवले.

मद्याने आदिवासी पाड्यांची हानी केलेली आहे आणि हातभट्ट्यांविरुद्ध स्त्रियांनी दिलेले लढे न्याय्य होते, हे येथे निःसंदिग्धपणे नमूद केले पाहिजे. परंतु सरसकट सर्व दोष मोहाच्या माथी मारणे योग्य नाही. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे शंभराहून अधिक बळी गेले, ते औद्योगिक मिथेनॉलमुळे. त्याचा फुलाशी संबंध नव्हता. बेल्जियममध्ये कायद्याने पेयास बाटली, नाव व उत्पादनस्थळ दिले. येथे तो त्यास अंधारात ढकलत गेला, आणि अंधारात शुद्धतेची तपासणी होत नाही.

राज्य शासनाने २०२१ मध्ये मोहफुले गोळा करणे व बाळगणे यांवरील बंधने सैल केली. एप्रिल २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मोहफुले, काजूबोंडे इत्यादींपासून होणाऱ्या मद्यास 'देशी दारू' या वर्गातून काढून 'विदेशी मद्य' या वर्गात घालण्याचा निर्णय घेतला. सह्याद्रीच्या पायथ्याच्या फुलास प्रतिष्ठा मिळण्यासाठी कागदोपत्री विदेशी व्हावे लागले. गाळपाचा परवाना मात्र भांडवल, जागा व यंत्रसामग्री असणाऱ्या उत्पादकासच परवडण्यासारखा आहे. कोंडाण्याच्या वाटेवरील एखाद्या वाडीत मडक्यावर मडके ठेवून गाळणारे कुटुंब पूर्वीप्रमाणेच कायद्याबाहेर आहे, आणि जवळच्या शेतघरात होगार्डनची बाटली बर्फात ठेवली जात आहे.