सिसेरोला उद्याची बातमी सांगावी का?

मंडळी, आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, सर आता म्हातारपणी विज्ञानकथांकडे वळले. तसं नाही. विषय सिसेरोचाच आहे. फक्त आज तो कालप्रवासाच्या गोष्टीतलं पात्र म्हणून पाहू.

जो वॉल्टन या लेखिकेची 'द जस्ट सिटी' ही कादंबरी 2015 मध्ये आली. तीत अथेना देवी निरनिराळ्या शतकांतली माणसं एका बेटावर आणते आणि प्लेटोने कागदावर रचलेलं आदर्श नगर त्यांच्याकडून प्रत्यक्षात वसवून घेते. त्या शिक्षकमंडळात टुलियस नावाचा एक रोमन आहे. हाच आपला मार्कस टुलियस सिसेरो. लेखकांना तो का हवासा वाटतो, हे समजण्यासारखं आहे. वकील, कॉन्सल, तत्त्वचिंतक, वर बोलका माणूस! त्याच्या पत्रव्यवहारातली 900 च्या वर पत्रं शिल्लक आहेत. इतक्या जुन्या काळातल्या दुसऱ्या कुणाच्या मनात आपल्याला एवढं डोकावता येत नाही.

पण गंमत अशी, की हा उद्योग सिसेरोने स्वतःच करून ठेवलेला आहे. राज्यव्यवस्थेवरचा त्याचा 'दे रे पुब्लिका' हा ग्रंथ संवादरूप आहे, आणि तो संवाद त्याने इसवी सनपूर्व 129 मध्ये घडवला, म्हणजे स्वतःच्या जन्माआधी तेवीस वर्षं. बोलणारा कोण? स्किपिओ, कार्थेज पाडणारा. लिहिताना एका मित्राने सिसेरोला सुचवलं, की मेलेल्या माणसांच्या तोंडी कशाला घालतोस, तू स्वतः कॉन्सल होतास, स्वतःच बोल. सिसेरोला ते काही काळ पटलंही होतं. चालू काळावर बोलायचं तर कुणी ना कुणी दुखावणार, ही त्याची जुनी अडचण होती. शेवटी स्किपिओच राहिला.

या ग्रंथाच्या अखेरीला 'स्किपिओचं स्वप्न' आहे. स्वप्नात मेलेला आजोबा भेटतो, आकाशात उंच नेतो, तिथून पृथ्वी दाखवतो. ती इतकी लहान दिसते, की रोमचं साम्राज्य म्हणजे तिच्यावरचा एक ठिपका. आणि मग आजोबा नातवाला त्याचं पुढचं आयुष्य सांगतो. तुझ्या हातून हे होईल, ते होईल, आणि छप्पन्नाव्या वर्षी जवळच्या नातलगांपासून जिवाला धोका आहे. आता हे कालप्रवासाच्या कथेपासून किती लांब आहे, तुम्हीच सांगा.

खरा प्रश्न इथेच सुरू होतो. पुढचं कळलेला मुत्सद्दी मुत्सद्दी उरतो का?

याच प्रश्नावर सिसेरो आठ-दहा वर्षांनी परत आला. इसवी सनपूर्व 44. सीझरचा खून झालेला. भविष्यकथनावरच्या 'दे दिव्हिनातिओने' या ग्रंथात तो विचारतो, की भविष्य खरंच कळत असतं तरी त्याचा फायदा काय? तीनदा कॉन्सल झालेल्या पॉम्पीला आधीच कळलं असतं, की आपण इजिप्तच्या किनाऱ्यावर एकटे मारले जाणार, तर त्याला त्या तिन्ही कॉन्सलपदांचा आनंद मिळाला असता का? सीझरला कळलं असतं, की आपणच निवडलेल्या सिनेटमध्ये, पॉम्पीच्याच पुतळ्याशी, आपलीच माणसं आपल्याला भोसकणार, तर त्याने उरलेली वर्षं कशी काढली असती? सिसेरोचा निष्कर्ष, की पुढची संकटं न कळणंच बरं.

हे लिहिल्यावर दोन वर्षं पुरी व्हायच्या आत, 7 डिसेंबर 43 ला, अँटनीच्या माणसांनी त्याला गाठून मारलं. त्याचं डोकं आणि हात रोमच्या भाषणपीठावर लावले. हात का? अँटनीविरुद्धची भाषणं लिहिणारे ते.

तर कल्पना करा, कुणी कालप्रवासी सप्टेंबर 44 मध्ये त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, 'सर, हे पहिलं भाषण करू नका. अशी चौदा होतील आणि त्यात तुमचा जीव जाईल.' सिसेरो काय म्हणेल?

इथे कुणी म्हणेल, नशिबात असेल ते होईलच, सांगा नाहीतर नका सांगू. या युक्तिवादाला ग्रीकांनी 'आळशी युक्तिवाद' असं नाव दिलं होतं आणि 'दे फातो' या ग्रंथात सिसेरोने तो मांडून दाखवला आहे. रोगी बरा व्हायचा असेल तर होईलच, मग वैद्य कशाला? आपल्याकडच्या भाषेत, कापूस पिकायचा असेल तर पिकेलच, मिरगात पेरायची घाई कशाला? क्रिसिपस या स्टोइकाचं उत्तर सरळ आहे. पीक नशिबात असेल तर पेरणीही त्याच नशिबात बांधलेली आहे. दोन्ही सुटी करता येत नाहीत. सिसेरो स्वतः नियती मानायला तयार नव्हता, पण आळशी माणसाला हे उत्तर पुरेसं आहे, असं मला वाटतं.

आपल्या कालप्रवाशासारखा एक माणूस खरोखर होऊन गेला, यंत्राशिवाय. पेत्रार्क. 1345 मध्ये वेरोना शहरात त्याला सिसेरोची खासगी पत्रं सापडली. आजवर ज्याला गुरू मानलं तो घाबरणारा, आज इकडे उद्या तिकडे होणारा माणूस निघाला. पेत्रार्कला ते सोसलं नाही. त्याने चौदाशे वर्षांपूर्वी मेलेल्या सिसेरोला चक्क पत्र लिहिलं आणि झाडलं: या वयात राजकारणाच्या भानगडीत कशाला पडलात? त्याच वर्षी त्याने दुसरंही पत्र लिहिलं, बरंच मऊ.

पेत्रार्कला हसू नका. पानिपत निघालं की आपण सगळेच पेत्रार्क होतो. 14 जानेवारी 1761 च्या आदल्या रात्री सदाशिवरावभाऊंच्या तंबूत शिरून सल्ला द्यायला कोण तयार नाही? बायकापोरं मागे ठेवा, जड तोफा सोडा, गनिमी काव्याने लढा. शेवट माहीत असलेल्या माणसाला सल्ला द्यायला काय जातं!

जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत हा मोह फार शहाणपणाने हाताळला. त्यांचे प्राध्यापक गायतोंडे मागे जातच नाहीत. ते जातात शेजारच्या काळात, जिथे विश्वासरावांना गोळी लागलीच नव्हती. आणि महत्त्वाचं म्हणजे विश्वासरावांना लेखक समोर उभं करून बोलतं करत नाही. गायतोंड्यांना त्यांची हकिकत ग्रंथालयात, छापील पानावर भेटते. म्हणजे सल्ला द्यायची सोयच ठेवलेली नाही. विज्ञानकथा म्हणून तिचं कौतुक पुष्कळ झालं. इतिहासातल्या माणसाचा मान राखणारी कथा म्हणून ते अजून व्हायला हवं.

आता आपल्या जिल्ह्यात येतो, कारण सिसेरोबद्दल बोलताना मला राहून राहून वणीचे बापूजी अणे आठवतात. वकील, संस्कृतचे पंडित, आणि राजकारणात बुडालेले. 1930 मध्ये पुसदला जंगल सत्याग्रह करून तुरुंगात गेले. 1941 मध्ये तेच बापूजी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसले. 10 फेब्रुवारी 1943 ला गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये एकवीस दिवसांचं उपोषण मांडलं. प्रकृती ढासळू लागली, सरकार सोडायला तयार नाही. उपोषण चालू असतानाच बापूजींनी राजीनामा दिला. होमी मोदी आणि नलिनी रंजन सरकार यांनीही.

समजा, त्या आठवड्यात आपल्यापैकी कुणी दिल्लीत त्यांच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, 'बापूजी, गांधीजी यातून सुखरूप वाचतात. 3 मार्चला उपोषण सुटतं. कशाला पद सोडता?' बातमी शंभर टक्के खरी आहे. आणि तरी ती सांगितल्याबरोबर त्या राजीनाम्यातला जीव निघून जातो. गांधीजी जातील की राहतील हे माहीत नसताना तो दिलेला होता. त्याचं वजन त्या माहीत नसण्यात होतं. शेवट कळल्यावर उरतो तो नुसता हिशेब, आणि तो कुठल्याही कारकुनाला जमतो.

म्हणून कालप्रवासाच्या कथेत सिसेरोला आणायचं तर लेखकाने आधी ठरवावं, त्याला 7 डिसेंबर सांगायचा की नाही. सांगितला, तर ज्याला भेटायला आपण गेलो तो माणूस तिथे राहत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच सांगायचो, की 'त्यांनी असं का केलं नाही' हा प्रश्न जरूर विचारा, पण आधी त्या दिवसापुढचं पंचांग फाडून टाका.

एक गोष्ट मात्र राहिली. स्किपिओला आजोबांनी सगळं सांगितलं, तरी तो डगमगत नाही. सिसेरोने तसं का लिहिलं? भविष्य न कळणंच बरं म्हणणाऱ्याने? त्यासाठी 'स्वप्ना'चा मजकूर ओळीने वाचावा लागेल. तो पुढच्या व्याख्यानात घेऊ.