दार वाजवणारे किडे आणि न उघडलेले पाकीट



मंडळाचे संकेतस्थळ आम्ही एका सभासदाच्या घरच्या जुन्या संगणकावर चालवतो. ऐन गणपतीच्या नावनोंदणीत ते बंद पडले. पाहतो तर डिस्क गच्च! नावे देणारी कुटुंबे जेमतेम चाळीस. बाकी लॉगमध्ये भरल्या होत्या वर्मच्या, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या किड्यांच्या मागण्या.

दुखणे जुनेच आहे. जुलै २००१ मध्ये 'कोड रेड'ने चौदा तासांच्या आत साडेतीन लाखांहून अधिक संगणक ग्रासले. त्याचा रोख मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस सर्व्हरवर, पण दार वाजवायचा सगळ्यांचेच. ॲपाचे वापरणाऱ्यांना बाधा होत नसे. तरी 'डिफॉल्ट डॉट आयडीए' या नसलेल्या पानाच्या मागणीने त्यांचे लॉग भरत. २०१६ मध्ये 'मिराई' आला. जपानीत मिराई म्हणजे भविष्य! त्याने कारखान्यातला पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर कामाला जुंपले.

आम्ही केले ते असे. आठवड्याचा लॉग चाळून आपल्याकडे नसलेल्या, पण वारंवार मागितल्या जाणाऱ्या पानांची यादी काढली. आमचा सर्व्हर एनजिनएक्स आहे. त्याला त्या पत्त्यांसाठी दोन ओळी लिहून दिल्या: 'रिटर्न ४४४', म्हणजे उत्तर न देता संपर्क तोड, आणि 'ॲक्सेस लॉग ऑफ', म्हणजे नोंदही नको. आयपी पत्त्यावर मात्र बंदी घातली नाही. जपानात अनेक घरे एकच पत्ता वाटून वापरतात. एका किड्यापायी शेजारचे कुटुंब बाहेर राहायचे.

आमचे दार शांत झाले. पण मग मनात आले, ही टकटक येते कुठून? आपल्यासारख्याच घरांतून, आणि घरमालकाला पत्ताही नसतो.

यासाठी सोमुशो (अंतर्गत व्यवहार व दळणवळण मंत्रालय) आणि एनआयसीटी ही संशोधन संस्था यांनी फेब्रुवारी २०१९ पासून 'नोटिस' हा उपक्रम चालवला आहे. सोपा पासवर्ड असलेली उपकरणे शोधतात आणि इंटरनेट कंपनीमार्फत ग्राहकाला कळवतात. अर्थात जपानीतून! आमच्यातल्याच एका घरी असे पाकीट पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर रद्दीत गेले होते. कांजी वाचता येईना, म्हणून न उघडताच. सर्व्हरने किड्यांच्या मागण्या मुकाट्याने टाकाव्यात. आपण पत्रे टाकू नयेत.

तेव्हा एवढे कराच. राउटरचा आणि बाळावर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्याचा पासवर्ड आज बदला. दोन्हींचे सॉफ्टवेअर अद्ययावत करा. इंटरनेट कंपनीचे पत्र आले तर जपानी जाणणाऱ्या सभासदाला दाखवा. आणि ध्यानात ठेवा, 'नोटिस'वाले पैसे किंवा पासवर्ड मागत नाहीत. मागणारा भामटा समजावा.

पुढच्या मासिक बैठकीला असे पाकीट घेऊन या. चहा घेता घेता मिळून वाचू.