बीबीए म्हणजे नेमकं काय? तीन वर्षांत मुलं शिकतात तरी काय?

बेळगाव : पीयूसीचा किंवा बारावीचा निकाल लागला की घराघरांत एकच प्रश्न सुरू होतो. सायन्सकडे जायचं नाही, मग बी.कॉम. करायचं की बीबीए? बीबीएची फी बहुतेक ठिकाणी जास्त असते. 'मॅनेजमेंट' हा शब्द कानाला भारदस्त वाटतो आणि तीन वर्षांनी मुलगा थेट मॅनेजर होणार, असा समज करून पालक कर्ज काढून पैसे भरतात. म्हणूनच फॉर्म भरण्याआधी या अभ्यासक्रमात काय असतं आणि काय नसतं, हे समजून घेतलेलं बरं.

पहिलं वर्ष : पाया

बीबीए म्हणजे बॅचलर ऑफ बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशन. बारावी कोणत्याही शाखेतून झाली असली तरी साधारणपणे प्रवेश मिळतो. त्यामुळे पहिल्या वर्षी हिशेब अगदी मुळापासून शिकवतात. जुन्या पेढीवरचे लोक ज्याला रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद म्हणत, तेच इथे फायनान्शियल अकाउंटिंग या नावाने येतं. त्याच्या जोडीला अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, व्यावसायिक पत्रव्यवहार आणि व्यवस्थापनाची तत्त्वं असतात. अमेरिकेच्या फ्रेडरिक टेलर यांनी 1911 मध्ये कारखान्यातलं काम मोजून-मापून करण्याची पद्धत मांडली. फ्रान्सच्या हेन्री फेयॉल यांनी 1916 मध्ये व्यवस्थापनाची 14 तत्त्वं सांगितली. या दोघांशिवाय पहिल्या सेमिस्टरचा पेपर सहसा होत नाही.

फेयॉल यांचं एक तत्त्व असं की एका कामगाराला हुकूम देणारा साहेब एकच असावा. दुकानात वडील एक सांगतात, काका दुसरंच सांगतात आणि पोऱ्या मधल्या मध्ये शिव्या खातो, हे आपल्याकडे अनेकांनी पाहिलेलं आहे. पुस्तकातलं तत्त्व तेवढंच आहे.

दुसरं वर्ष : धंद्याचं गणित

दुसऱ्या वर्षी मार्केटिंग, मनुष्यबळ, कॉस्ट अकाउंटिंग आणि व्यापारी कायदे येतात. कायद्यांमध्ये 1872 चा करार कायदा आणि 2013 चा कंपनी कायदा हे मुख्य. याच सुमारास 'ब्रेक-ईव्हन' म्हणजे ना नफा ना तोटा बिंदू शिकवतात. आपल्या कुंद्याचंच उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत.

समजा एका दुकानाचं भाडं, दोन कामगारांचा पगार आणि वीजबिल मिळून महिन्याचा ठरलेला खर्च 50,000 रुपये आहे. एक किलो कुंद्याला दूध, साखर, गॅस आणि बॉक्स धरून 300 रुपये लागतात आणि विक्री 400 रुपयांनी होते. म्हणजे किलोमागे 100 रुपये सुटतात. ठरलेला खर्च निघायला महिन्याला 500 किलो, म्हणजे रोज जवळपास 17 किलो माल खपला पाहिजे. त्यापुढचा प्रत्येक किलो नफ्याचा.

आता गिऱ्हाईक वाढावं म्हणून मालकाने किलोमागे 20 रुपये सूट दिली. सूट फक्त 5 टक्के, पण सुटणारी रक्कम 100 वरून 80 वर आली. आता तोच खर्च काढायला 625 किलो विकावे लागतात, म्हणजे तब्बल 25 टक्के जास्त. दुकानात गर्दी दिसते आणि गल्ल्यात पैसा का दिसत नाही, याचं उत्तर बऱ्याचदा याच गणितात असतं.

तिसरं वर्ष : पैसा फिरवणं

शेवटच्या वर्षात फायनान्शियल मॅनेजमेंट, आयकर, जीएसटी, उद्योजकता असे विषय असतात. मार्केटिंग, फायनान्स किंवा एचआर यांपैकी एका विषयावर भर देता येतो. बहुतेक ठिकाणी प्रोजेक्ट किंवा इंटर्नशिपही करावी लागते.

इथला सगळ्यात कामाचा धडा म्हणजे खेळतं भांडवल. उद्यमबागेतल्या एखाद्या छोट्या कारखान्याचा विचार करा. कच्चा माल रोखीने घ्यायचा, कामगारांचा पगार वेळेवर द्यायचा आणि मोठ्या कंपनीकडून बिल मात्र तीन महिन्यांनी यायचं. कागदावर नफा असतो, पण खात्यात पैसे नसतात. असे कारखाने तोट्यामुळे नाही, तर उधारीमुळे अडचणीत येतात. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला, तर लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने व्याज लागतं. हे माहीत असलेला मुलगा वडिलांच्या धंद्याला पहिल्याच वर्षी उपयोगी पडू शकतो.

बी.कॉम. की बीबीए?

हिशेब, ऑडिट आणि कर यांत खोलवर जायचं असेल, सीए किंवा सीएस डोक्यात असेल, तर बी.कॉम. जास्त जवळचं. विक्री, मनुष्यबळ, बँकिंग सेवा किंवा घरचा धंदा यांकडे कल असेल तर बीबीए बरं. बँकेच्या आणि सरकारी परीक्षांना बहुतेक ठिकाणी कोणतीही पदवी चालते. एमबीए करायला बीबीएच हवं असंही नाही. कॅट परीक्षा कोणत्याही शाखेचा पदवीधर देऊ शकतो. बारावीनंतर थेट आयआयएममध्ये जायचं असेल, तर इंदूरच्या आयआयएमने 2011 मध्ये सुरू केलेला पाच वर्षांचा आयपीएम अभ्यासक्रम आहे. त्याची प्रवेश परीक्षा वेगळी असते.

आणि मॅनेजरपदाचं काय? बीबीए झालेल्या मुलाची सुरुवात बहुधा सेल्स, बॅक ऑफिस किंवा ट्रेनी म्हणून होते. पुढची पायरी कामावर आणि बोलण्यावर अवलंबून असते. पदवी फक्त दार उघडून देते.

सीमाभागातल्या मुलांनी काय पाहावं?

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांना पहिले सहा महिने इंग्रजी पुस्तकं जड जातात. विषय अवघड नसतो, शब्द नवे असतात. 'लायबिलिटी' म्हणजे देणं आणि 'इन्व्हेंटरी' म्हणजे शिल्लक माल, एवढं कळलं की निम्मी भीती जाते.

नियमही राज्याप्रमाणे बदलतात. कर्नाटकात 2024-25 पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली आहे. महाराष्ट्रात चौथ्या ऑनर्स वर्षाचा पर्याय आहे आणि बीबीए, बीएमएस, बीसीएसाठी 2024 पासून सीईटी घेतली जाते. महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेशांत वादग्रस्त सीमाभागातल्या 865 गावांमधल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद असते. कोल्हापूर किंवा पुण्याला जाणाऱ्यांनी आपलं गाव यादीत आहे का आणि दाखले कोणते लागतात, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत आधीच बघून घ्यावं. शेवटच्या आठवड्यात तहसील कार्यालयाच्या चकरा मारण्यात प्रवेश हुकतो.

2024-25 पासून बीबीए चालवणाऱ्या कॉलेजांना एआयसीटीईची मान्यता घ्यावी लागते. त्यामुळे फी भरण्याआधी ऑफिसात चार गोष्टी विचाराव्यात. मान्यतेचं पत्र या वर्षीचं आहे का? संलग्नता कोणत्या विद्यापीठाची? तीन वर्षांची एकूण फी किती आणि त्यात परीक्षा, युनिफॉर्म, इंडस्ट्री टूर धरली आहे का? मागच्या बॅचची मुलं कुठे आणि कोणत्या कामावर लागली?

शेवटच्या प्रश्नाला फलकावरचे हसरे फोटो दाखवले, तर गेल्या वर्षी पास झालेल्या दोन-तीन मुलांना स्वतः भेटावं. बीबीएत शिकवतात तेही हेच आहे. पैसे गुंतवण्याआधी चौकशी करायची.