बॉनेटवरचा पाऊस आणि इंजिनाच्या पोटातले पाणी

मृगाचा पहिला दणका बसला की गॅरेजपुढे एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "मिस्त्री, ट्रॅक्टर रातभर भिजलाय. बॉनेटच्या जाळीतनं पाणी आत गेलंय. इंजिनाला काय होईल का?" मिस्त्री हातातले काम न सोडता म्हणतो, "काय होत न्हाई, मारा स्टार्टर." बहुतेक वेळा तो बरोबर असतो. पण त्याच मिस्त्रीकडे पावसाळा संपेपर्यंत दोन-तीन इंजिने वाकलेला रॉड घेऊन येतात, तेव्हा या दोन्ही गोष्टींचा मेळ कसा घालायचा, हे शेतकरी बंधूंनी नीट समजून घेतले पाहिजे.

बॉनेटला जाळ्या आणि फटी ठेवलेल्या असतात त्या इंजिनाची उष्णता बाहेर पडावी म्हणून. त्यातून पाऊस आत येणार हे गाडी बनवणाऱ्याला ठाऊक असते. हे पाणी इंजिनाच्या अंगावर पडते, पोटात जात नाही. हेड, ब्लॉक, चेंबर सगळे बोल्ट आवळून बंद केलेले असते. चालू इंजिनावर पडलेले पाणी पंख्याच्या वाऱ्याने उडते आणि उरलेले उष्णतेने वाळून जाते. त्रास झालाच तर बॅटरीच्या टर्मिनलला, सेल्फला, अल्टरनेटरला आणि मुख्य म्हणजे घरच्या घरी टेप गुंडाळून मारलेल्या वायरींच्या जोडांना. तो त्रास शे-दोनशे रुपयांचा.

मग पावसाची एवढी भीती आली कुठून? ती आली जुन्या पेट्रोल जीपमधून आणि अँबॅसिडरमधून. त्या गाड्यांच्या डेल्कोत पाण्याचा थेंब गेला की स्पार्क तुटायचा आणि गाडी भर ओढ्यात बंद पडायची. ड्रायव्हर शिव्या देत उतरायचा, डेल्कोचे टोपण काढून फडक्याने पुसायचा आणि गाडी पुन्हा चालू व्हायची. खरे तर त्या बंद पडण्यानेच इंजिन वाचायचे. जुन्या डिझेल इंजिनाला स्पार्क लागत नाही. हवा आणि डिझेल मिळाले की ते गळ्याइतक्या पाण्यातही धडधडत राहते. "आपला ट्रॅक्टर पाण्याला भीत न्हाई" असे आपण अभिमानाने म्हणतो, पण घात होतो तो इथेच.

इंजिनाच्या पोटात पाणी जायच्या वाटा मोजक्या आहेत. त्यात सगळ्यात दुर्लक्षित वाट म्हणजे सायलेन्सर. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅक्टरांचा सायलेन्सर बॉनेटच्या पुढे सरळ आभाळाकडे तोंड करून उभा असतो. नवा असताना त्यावर उघडझाप करणारी झाकणी असते. ती दोन-तीन वर्षांत गंजून पडते आणि नवी कोणी बसवत नाही. मग उभ्या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरमध्ये पाऊस नळीने ओतावा तसा पडतो, मॅनिफोल्डमध्ये उतरतो आणि ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल त्यातून थेट पिस्टनवर जातो. चार-आठ दिवस पाणी तसेच राहिले की लायनरला गंज धरतो, रिंगा चिकटतात, इंजिन जाम होते. जुनी माणसे सायलेन्सरवर पत्र्याचा डबा उपडा घालतात, त्याला पोरे हसतात. हसू नये. त्या डब्याइतके स्वस्त संरक्षण दुसरे नाही.

ग्रामपंचायतीच्या ट्रॅक्टरची गत तर बघायलाच नको. टँकरला जोडलेला तो ट्रॅक्टर उन्हाळाभर राबतो आणि पाऊस लागला की कार्यालयाच्या मागे उघड्यावर उभा राहतो. सगळ्यांचा म्हणून कुणाचाच नाही. पुढच्या उन्हाळ्यात टंचाई आली की तो चालू होत नाही आणि दुरुस्तीच्या खर्चाचा विषय मासिक सभेत येतो. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी आणि सरपंचांनी ट्रॅक्टर उभा करतानाच एक डबा आणि एक ताडपत्री घालण्याची व्यवस्था केली, तर हा खर्च टळण्यासारखा आहे.

दुसरी वाट एअर क्लीनरची, आणि तीच सगळ्यात घातक. इंजिन चालू असते तेव्हा ते हवा जोराने ओढते. एअर क्लीनरचे तोंड पाण्याखाली गेले की हवेऐवजी पाणी ओढले जाते. जुन्या ट्रॅक्टरांत एअर क्लीनरखाली तेलाची वाटी असते. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसते आणि तेल वर चढून इंजिनात ओढले जाते. हे तेल जाळून इंजिन बेफाम पळू शकते, मग डिझेल बंद करूनही ते थांबत नाही. कागदी फिल्टर असेल तर तो भिजून चोंदतो आणि काळा धूर येतो.

पोटात किती पाणी गेले म्हणजे घात होतो, याचा हिशेब साधा आहे. तीन सिलिंडरचे, सव्वादोन हजार सीसीचे इंजिन धरा. एका सिलिंडरच्या वाट्याला ७५० सीसी आले. डिझेल इंजिन ही हवा साधारण सतरा पटींनी दाबते, म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा पन्नास सीसीच्याही आत असते. अर्धा कप चहा. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. अर्ध्या कपापेक्षा जास्त पाणी आत असले की पिस्टन वाटेतच अडतो, खालून जड फ्लायव्हील मात्र फिरायचे थांबत नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉक फोडून बाहेर येतो. गॅरेजमध्ये यालाच "इंजिन लॉक झालं" म्हणतात.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा आणि कृष्णेला महापूर आला, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग काही दिवस बंद राहिला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले आणि २२ जुलैला चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्यात बुडाले. अशा पुरात ट्रॅक्टरने माणसे बाहेर काढली, जनावरांना चारा पोचवला. ते काम मोलाचेच. पण नुसत्या हौसेने फरशी पुलावरच्या पाण्यात ट्रॅक्टर घालून मोबाईलवर शूटिंग करणाऱ्यांना काय म्हणावे? रिकामी ट्रॉली पाण्यात तरंगते आणि ट्रॅक्टरला ओढून नेते. तिथे इंजिनाचा नाही, जिवाचा प्रश्न असतो.

पुरात बुडालेले वाहन वर आले की घरातल्या प्रत्येकाचा हात चावीकडे जातो. "चालू होतंय का बघू तरी." हे बघणेच महाग पडते. बंद असताना बुडालेल्या इंजिनात पाणी शिरले असले, तरी रॉड सहसा शाबूत असतो. तो वाकतो स्टार्टर मारल्यावर. ढकलून किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून गिअरमध्ये चालू करणे तर त्याहून वाईट. आधी बॅटरीची तार सोडावी. ओढून न्यायचेच तर न्यूट्रलमध्ये न्यावे. ऑईलची पट्टी काढून बघावी. ऑईल दुधाळ, चहासारखे दिसले तर चेंबरमध्ये पाणी गेले आहे, ते सगळे उतरवावे. गिअर आणि हायड्रॉलिकचे तेलही तपासावे, ब्रीदरमधून तिथे पाणी शिरते. मग मिस्त्रीकडून नोझल काढून इंजिन हाताने सावकाश फिरवावे. आतले पाणी पिचकारीसारखे बाहेर येते. एअर क्लीनर साफ करावा. डिझेल टाकी तळापासून रिकामी करावी, कारण डिझेलबरोबर पाणी पंपात गेले तर पंप आणि नोझल दोन्ही जातात. कॉमन रेल बसवलेल्या नव्या ट्रॅक्टरला वायरींचे कनेक्टर आणि कंट्रोल युनिट तपासल्याशिवाय बॅटरी जोडू नये.

धुण्याचाही एक मुद्दा आहे. खंडेनवमीला ट्रॅक्टर चकचकीत व्हावा ही हौस सगळ्यांना. पण शेतातून नुकत्याच आलेल्या तापलेल्या इंजिनावर बॉनेट उघडून गार पाण्याचा फवारा मारला तर मॅनिफोल्डला तडा जाऊ शकतो. पाऊस वरून पडतो, वॉशिंगचा फवारा मात्र हव्या त्या फटीत घुसतो. इंजिन गार होऊ द्यावे, एअर क्लीनरच्या तोंडाला प्लॅस्टिक बांधावे, अल्टरनेटर आणि वायरींवर थेट फवारा मारू नये.

राहिला विमा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर पुरातल्या स्वतःच्या वाहनाचे काहीच मिळत नाही. पूर्ण विमा असला तरी पाणी शिरून झालेले नुकसान वेगळे आणि नंतर चावी फिरवून झालेले वेगळे, असे कंपनी धरते आणि दुसऱ्याची भरपाई पुष्कळदा नाकारली जाते. मोटारींसाठी इंजिनाचे जादा संरक्षण वेगळे पैसे भरून मिळते, ते पॉलिसीत आहे का हे पावसाळ्याआधीच वाचून घ्यावे. वाहन पाण्यात उभे असतानाच, नंबर प्लेट आणि पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढावेत, कंपनीला कळवावे आणि सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत नट-बोल्टसुद्धा उघडू नये. तोवर चावी घरातल्या थोरल्या माणसाच्या खिशात असलेली बरी.