पाण्याची जागा

रोह्याहून कुंडलिका नदीवरचा पूल ओलांडला की आमची अष्टमी लागते. नदीचे दोन काठ, पण नगरपरिषद एकच: रोहा अष्टमी नगरपरिषद.

परवा चौथीच्या मुलांना मी 'वीस वर्षांनंतरची अष्टमी' काढायला सांगितली. काय काय काढलं म्हणता! उंच इमारती, मोठ्ठी दुकानं, रुंद रस्ते. कागदावर बोटभर जागा उरली नाही. एक मुलगी मात्र पेन्सिल चावत बसली होती. म्हणाली, "बाई, पावसात शेतात पाणी भरतं ना, तिथे इमारत झाली तर ते पाणी जाईल कुठे?"

वर्ग एकदम गप्प!

अगदी हाच प्रश्न नवी मुंबई वसवणाऱ्यांनाही पडला होता. मुंबईत माणसं मावेनात, म्हणून १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर सुचवलं. १९७० साली त्यासाठी सिडको स्थापन झाली. जमीन सखल. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी खाडीत जाईना. मग शहरात मोठी तळी मुद्दाम राखली. त्यांना धारण तलाव म्हणतात. भरतीला झडपा बंद होतात, पाणी तळ्यात साठतं. ओहोटी लागली की खाडीत जातं. आहे की नाही गंमत?

पण मुलांनो, या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या. योग्य मोबदल्यासाठी शेतकऱ्यांनी आंदोलन केलं. १९८४ साली जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच जणांचे प्राण गेले. नकाशा काढताना तिथे राहणाऱ्या माणसांना आधी विचारायला हवं, ते यासाठी.

तशी सोय कायद्यातही आहे. शहराचा विकास आराखडा साधारण वीस वर्षांसाठी असतो. त्यात शाळा, मैदानं, रस्ते यांच्या जागा राखतात. मसुदा जाहीर झाला की नागरिक लेखी हरकती आणि सूचना देऊ शकतात.

शेवटी त्या मुलीने नदीकाठी मोकळी जागा सोडली आणि लिहिलं, 'पाण्याची जागा'. ते पाहून बाकीच्यांनी खोडरबर शोधायला सुरुवात केली!

तुम्हीही आपल्या गावाचा नकाशा काढा. पुराचं पाणी कुठवर आलं होतं, ते आजी-आजोबांना विचारा आणि तिथे निळी रेघ मारा. घरं बांधून झाल्यावर ती रेघ मारून काय उपयोग?