चर्मपत्रावर रंगलेली तहान

कुर्डुवाडी : मिरजेहून लातूरला पाणी नेणारी रेल्वे एप्रिल २०१६ मध्ये याच जंक्शनवरून गेली. पहिल्या खेपेत दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. दूरच्या पाण्याकडे डोळे लावून बसण्याचा हा अनुभव जुनाच. बायबलमध्ये तो वारंवार येतो आणि युरोपातील मध्ययुगीन हस्तलिखितांत त्याला रंगरूप लाभले आहे.

व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सहाव्या शतकातील ‘व्हिएन्ना जेनेसिस’ जतन केलेले आहे. जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईने लिहिलेल्या या ग्रंथाच्या एका पानावर रिबका घागर घेऊन गावाबाहेर येते आणि परक्या वाटसरूला पाणी पाजते. मागे तहानलेले उंट उभे आहेत. उगमापाशी रेलून बसलेली स्त्री म्हणजे खुद्द झराच! नदीला माय म्हणणाऱ्या आपल्या समाजाला ही कल्पना परकी वाटू नये.

पुढील शतकांत या चित्रांचा हेतू अधिक धार्मिक झाला. ‘बिब्लिया पौपेरुम’ या चित्रग्रंथात जुन्या करारातील प्रसंग ख्रिस्तचरित्राशेजारी मांडले जात. अरण्यात तहानेने व्याकूळ झालेले लोक मोशेवर संतापतात. तो खडकावर काठी मारतो आणि पाणी उसळते. हे चित्र वधस्तंभावरील ख्रिस्ताच्या कुशीत भाला खुपसला जातो, त्या प्रसंगालगत येते. तेथूनही रक्त व पाणी वाहिले, असे शुभवर्तमान सांगते. म्हणजेच ही चित्रे दुष्काळाची नोंद नव्हेत; पाणी येथे तारणाचे प्रतीक आहे.

दावीद राजाची कथा मात्र अधिक अंतर्मुख करते. शत्रूच्या ताब्यातील बेथलेहेमच्या विहिरीचे पाणी त्याला हवेसे वाटते. तीन वीर वेढा फोडून ते आणतात. जिवावर उदार होऊन आणलेले हे पाणी म्हणजे त्यांचे रक्तच, असे म्हणून दावीद ते पीत नाही, देवापुढे ओततो. चौदाव्या शतकात प्रसार पावलेल्या ‘स्पेक्युलुम’ ग्रंथात हे तीन वीर बाळ येशूला भेटी आणणाऱ्या तीन ज्ञानी पुरुषांच्या जोडीला चितारलेले आढळतात.

या कथापरंपरेचा धागा महाराष्ट्रातही आहे. अवर्षणाचे भाकीत करणारा आणि ओढा आटल्याचे पाहणारा संदेष्टा एलीया हा कोकणातील मराठी भाषक बेने इस्रायली समाजाचे श्रद्धास्थान. त्याच्या स्मरणार्थ हा समाज मलिदा करतो. अलिबागजवळील खंडाळा येथे त्याचे आगमन झाल्याचीही श्रद्धा आहे.